एक मीटरच्या आत, पंधरा मिनिटं

प्रत्येक बाधित व्यक्तीमागे किमान वीस निकट सहवासित शोधून काढणे बंधनकारक असून यात कसूर झाल्यास संबंधितावर कारवाई करण्यात येईल, असे पत्र त्या एप्रिलमध्ये आमच्या शाळेला आले. कोरोनाची दुसरी लाट नागपूरहून वर्ध्याला आणि वर्ध्याहून आमच्या तालुक्यात येऊन पोहोचली होती. पत्रातला संबंधित म्हणजे मी. हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या बाजूला असलेल्या एका गावात मी सहावी-सातवीला गणित शिकवतो. गावाचे नाव सांगत नाही. पुढे ते आदर्श ठरवण्यात आले आणि आदर्श गावाबद्दल खरे बोलायचे तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते.

सहवासित शोध पथक तीन जणांचे होते. त्यातल्या एका शिक्षकाची आर्वीला बदली झाली होती. दुसरे नाव ज्या तलाठ्याचे होते ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. त्यामुळे पथकाचा प्रमुख मी, सदस्य मी आणि पथकाची बैठक झाली की इतिवृत्तही मीच लिहीत असे. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले होते. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावापुढे पहिल्यांदाच 'प्रमुख' लागले होते. गळ्यात ओळखपत्र, तोंडाला मास्क, मास्कवर प्लास्टिकचा पडदा असा मी घरातून निघालो की बायको म्हणायची, "ओळखपत्र कायले घालता जी? गावात तुमाले कोन ओळखत नाई?" रक्षाला प्रशासनातले कळत नाही.

निकट सहवासित कोणाला म्हणावे याची व्याख्या पत्राच्या मागच्या बाजूला होती. बाधिताच्या एक मीटरच्या आत, मास्कशिवाय, पंधरा मिनिटांहून अधिक काळ असलेली व्यक्ती. मोबाइलवरच्या ॲपमध्ये याचेच तीन प्रश्न केले होते. तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर नाव आत जायचे. एकाही प्रश्नाला 'नाही' म्हटले की नाव बाहेर.

गावातला पहिला बाधित होण्याचा मान वासुदेवरावांना मिळाला. वासुदेवरावांचे बी-बियाण्यांचे आणि खताचे मोठे दुकान आहे आणि ते दोन वेळा पंचायत समितीवर निवडून आलेले आहेत. हिंगणघाटला एका लग्नाला गेले, आल्यावर ताप भरला, वर्ध्याला जाऊन तपासणी केली. मी त्यांच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. ते माडीच्या गॅलरीत आले आणि त्यांनी सहा नावे दिली. चार घरातली, दोन दुकानातली.

"सहाच?" मी म्हणालो. "शासनाले वीस पाह्यजेत."

"मंग तुमीच पहा गुरुजी, आनखी कोनाले घेता तर. आपली काई हरकत नाई," वासुदेवराव वरून म्हणाले आणि आत गेले.

वीस कुठून आणायचे या विवंचनेत मी घरी आलो, तर ओट्यावर सरपंच प्रेमदास बसलेले. रागात होते.

"गुरुजी, वासुदेवरावाच्या यादीत माह्यं नाव काऊन नाई?"

"तुमी भेटलते काय त्यायले?"

"भेटाचं काय त्यात? एवढा मोठा मानूस बिमार पडला आन् गावचा सरपंच त्याच्या यादीत नाई, लोकं काय म्हनतीन? मी काय परका हाय?"

मी त्यांना तिन्ही प्रश्न विचारले. तिन्हींना ते 'हो' म्हणाले. दुसरा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत म्हणाले. ही बातमी गावभर झाली आणि माझ्या ओट्याला रांग लागली. उपसरपंच आले, सोसायटीचे अध्यक्ष आले, माजी अध्यक्ष आले. माजी अध्यक्षांचे म्हणणे होते की आजी अध्यक्षांपेक्षा त्यांचा सहवास जुना आहे, तेव्हा नाव वर पाहिजे. लग्नपत्रिकेत कोणाचे नाव कोणाखाली छापले यावरून जसे रुसवे-फुगवे होतात, तसे सगळे झाले. मला यादी तीनदा नव्याने करावी लागली. शेवटी सदतीस निकट सहवासित झाले. त्यातल्या निम्म्यांनी वासुदेवरावांना पोळ्यानंतर पाहिलेले नव्हते.

अण्णाजी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून हे पाहत होते. अण्णाजी माझे वडील. वय एकोणऐंशी. चौतीस वर्षे पोस्टमन म्हणून पाच गावांत सायकल मारली, त्यामुळे कोण कोणाच्या घरी जातो हे त्यांना माझ्या ॲपपेक्षा जास्त ठाऊक. रांग संपल्यावर ते म्हणाले, "अरे प्रफुल, एवढे लोकं वासुदेवकडं बसत असते, तर त्यानं चहा उकळाचं गंज मोठं घेतलं असतं."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. तालुक्याहून साहेबांचा फोन आला होता. वीसच्या जागी सदतीस! साहेब म्हणाले, असे काम तालुक्यात कोणी केले नाही. निकट सहवासितांच्या हातावर घरी राहण्याबाबतचा निळा शिक्का मारायचा असे. तो मारून घेताना लोकांनी फोटो काढले. शिक्का लवकर पुसला जाऊ नये म्हणून काहींनी तो हात साबणाने धुणे बंद केले. साथीच्या काळात हात धुण्याबाबत माझी स्वतंत्र पत्रके भिंतीवर लावलेली होती, पण तो विभाग वेगळा.

आठ दिवसांनी नत्थूला ताप आला.

नत्थूचे बसथांब्याजवळ सलून आहे. त्या दिवसांत ते बंद होते. केशकर्तनालये बंद ठेवावीत असा आदेश होता. केस वाढू नयेत असा आदेश काढायचा मात्र राहून गेला होता. त्यामुळे नत्थू रेक्झिनची पिशवी घेऊन सकाळी मागच्या दारांनी घरोघर जायचा. हे सगळ्या गावाला माहीत होते आणि सगळ्यांनी ते आपल्यापुरते गुपित ठेवले होते. ताप यायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, त्याने आमच्या मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली माझे केस कापले आणि नंतर अण्णाजींची दाढी केली. अण्णाजींचा हात थरथरतो म्हणून तो आठवड्यातून दोनदा येतो. म्हणजे सहवासित शोध पथकाचा प्रमुख हा स्वतःच निकट सहवासित होता. हे मी तुम्हाला सांगतो आहे. तेव्हा कोणाला सांगितले नाही.

नत्थू बाधित निघाला. शाळेचे विलगीकरण केंद्र केलेले होते, त्याला माझ्याच वर्गात ठेवले. त्याची बायको यशोदाबाई दारात डबा ठेवून जायची. ती तपासणीत निर्दोष निघाली होती. मी ओळखपत्र सरळ केले आणि खिडकीबाहेर उभा राहिलो.

"नत्थू, मागच्या चवदा दिवसांत कोनाकोनाले भेटला तू?"

"त्रेचाळीस लोकायले."

"लिहून ठेवलं होतं काय?"

"लिवाचं काय त्यात गुरुजी? डोकं हातात आलं का ध्यानात राह्यते." आणि त्याने भिंतीला टेकून, मधूनमधून खोकत, नावे सांगायला सुरुवात केली. सरपंच प्रेमदास, केस आन् कलप. उपसरपंच, नुसती दाढी. पाचवे नाव वासुदेवरावांचे होते.

"वासुदेवराव? कधी?"

"त्यायले ताप आला त्याच्या आदल्या रोजी. तवाच अंग गरम लागलं मले."

"मग तू त्यांच्या यादीत काऊन नव्हता?"

"तुमी इचारलंच नाई," नत्थू म्हणाला. "आन् तिथं सारे मोठे मोठे लोकं होते, गुरुजी. मी कुठी घुसू त्यात?"

मी त्याला पुढची नावे सांगायला लावले. सतराव्या नावाला तो थांबला. "सतरा तुमी. अठरा अण्णाजी." मग तो उठून खिडकीजवळ यायला लागला, मी मागे सरकलो तसा तिथेच थांबला. "गुरुजी, माह्या नावानं काई बी लिवा. दुकान बंद असून गेलो, केस टाका माह्यावर. पन अण्णाजीची टेस्ट करून घेजा. त्यायले आधीच दमा हाय. त्या दिवशी गोष्टी सांगता सांगता मास्क खाली झालता माहा."

मी "पाहतो" म्हणालो. शासकीय सेवेत हा शब्द फार उपयोगी पडतो.

मग मी घरोघर चौकशीला निघालो. ऊन चव्वेचाळीस अंशांचे होते. सरपंच प्रेमदास डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून दारात आले. "नत्थू? मी त्याले दोन मयन्यापासून पाह्यलंच नाई," ते म्हणाले. बोलता बोलता घामाबरोबर त्यांच्या कानाजवळून कलपाचा काळा ओघळ खाली आला. तो त्यांनी दुपट्ट्याने पुसला.

"पन केस कापलेले दिसून राह्यले."

"घरी कापले. बायकोनं."

उपसरपंचांचेही बायकोनेच कापले होते. सोसायटीच्या आजी आणि माजी अध्यक्षांचेही. संध्याकाळपर्यंत असे निष्पन्न झाले की गावातल्या समस्त महिला एकाच आठवड्यात केस कापायला शिकल्या असून सगळ्यांना एकच पद्धत येते. यादीतल्या तानबाचे लग्न झालेले नाही. तो म्हणाला, गळाले.

"दोनही बाजूनं सारखे गळाले?"

"हो जी. टायफाइडचे असतीन."

वासुदेवराव बरे होऊन गॅलरीत पेपर वाचत बसले होते. त्यांच्या मिशीची दोन्ही टोके नत्थूने दिलेल्या वळणात होती. ते पेपरातून डोके न काढता म्हणाले, "कोन नत्थू?"

का नाकारत होते सगळे? एक तर आदेश मोडून केस कापले हे कबूल करावे लागले असते. पण खरे कारण मला ठाऊक होते. वासुदेवरावांपासून आजार लागणे ही एक गोष्ट आणि नत्थूपासून लागणे ही दुसरी. विषाणू तोच असला तरी कोणाकडून आला याला गावात किंमत असते. एक्केचाळीस नावांपुढे मी एकच शेरा लिहिला : संपर्क नाकारला. उरली दोन नावे. सतरा आणि अठरा.

कार्यपद्धतीनुसार प्रत्येक व्यक्तीकडे प्रत्यक्ष विचारणा करणे आवश्यक होते, म्हणून घरी आल्यावर मी आरशासमोर उभा राहिलो. ओळखपत्र काढले नव्हते. बाधिताच्या एक मीटरच्या आत आला होता काय, असे मी मला विचारले. नत्थूची कात्री सहा इंचांची आहे, हे गणिताचा शिक्षक म्हणून मला माहीत होते. मी मला "नाही" म्हणालो. माझ्या चेहऱ्यावरून मी खोटे बोलतो आहे असे मला वाटले, परंतु चेहऱ्यावरून नोंद घेण्याची तरतूद ॲपमध्ये नव्हती. मी माझ्या नावापुढे शेरा लिहिला आणि खाली पथकप्रमुख म्हणून सही केली.

"कोनाशी बोलून राह्यले?" रक्षाने विचारले.

"चौकशी सुरू आहे," मी म्हणालो.

अण्णाजींनी बाहेरून हाक मारली. "प्रफुल, नत्थूच्या यादीत माह्यं नाव लिवलं ना रे?"

मी बाहेर जाऊन दारात उभा राहिलो. त्यांना समजावले. "अण्णाजी, तुमचं लिवलं तर माह्यंबी लिवा लागते. एकाच अंगणात बसलतो आपन."

"मंग लिव ना."

"मंग मले चवदा दिवस घरात बसा लागते. पथकात मी एकटाच हाय. गावाचं कोन पाह्यन?"

"गाव राह्यते. गाव कुठी जाते?"

मी मोबाइल वाजल्यासारखे केले आणि आत आलो. अठराव्या नावापुढेही तोच शेरा लिहिला. अण्णाजींनी मात्र काही नाकारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "बायको सोडून सहवासित शून्य? गुरुजी, तो केस कापतो ना?"

"हो साहेब."

"चौदा दिवसांत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही?"

"चौकशीत तसे आढळून आले आहे, साहेब."

आदल्या दिवशीच्या व्हिडिओ बैठकीत मी साहेबांना पाहिले होते. मान अगदी स्वच्छ होती. तालुक्याच्या ठिकाणीही केशकर्तनालये बंदच होती. "म्हणजे व्यावसायिकाने आदेशाचे तंतोतंत पालन केले," साहेब म्हणाले. "छान आहे हे. असेच पाठवा."

अडचण एवढीच झाली की नत्थूच्या सहवासितांसाठी चाळीस तपासणी किट आधीच निघाले होते. ते परत पाठवायची सोय नव्हती आणि न वापरले तर खुलासा द्यावा लागला असता. म्हणून मी ते वासुदेवरावांच्या सदतीस जणांवर वापरायचे ठरवले. शाळेच्या व्हरांड्यात शिबिर भरले. आरोग्यसेविका अंकिता सिस्टरने सगळ्यांच्या नाकात काडी घातली. ज्यांतल्या बहुतेकांचा संपर्कच आला नव्हता त्या सदतीस जणांचा अहवाल निगेटिव्ह आला. त्यातले कितीतरी जण नत्थूच्या यादीतही होते हे खरे, पण दैवाची कृपा म्हणायची, त्या दिवशी काडीला काही सापडले नाही. ज्यांना नत्थूखेरीज दुसरी यादी नव्हती, त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

शिबिर आटोपता आटोपता अण्णाजी काठी टेकत तिथे गेले होते. मी तेव्हा फोटो अपलोड करत होतो. हे मला अंकिता सिस्टरने नंतर सांगितले. अण्णाजी तिला म्हणाले, पोरी, माझी टेस्ट कर, मी नत्थूच्या संपर्कातला आहे. तीन किट उरलेले होते. तिने यादी पाहिली. म्हणाली, तुमच्या नावापुढे 'नाकारला' लिहिले आहे.

"कोनं लिवलं?"

"गुरुजींनीच, बाबाजी."

अण्णाजींनी काठी उचलली आणि ते घरी आले. घरी येऊन त्यांनी मला फक्त एवढेच विचारले, "जेवला काय रे तू?" उरलेले तीन किट मी उष्णतेमुळे खराब झाले असे दाखवले.

आठवडाभरात जिल्ह्याहून पत्र आले. सदतीस तपासण्या, बाधित शून्य. सलूनवाला बाधित होऊनही बाहेरचा सहवासित शून्य. आमच्या गावाचा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे, असे त्यात म्हटले होते आणि इतर गावांच्या मार्गदर्शनासाठी मी ऑनलाइन सादरीकरण करावे असे सांगितले होते. मी सादरीकरण करायला बसलो. पहिल्या पानावर माझा फोटो टाकला, नव्याने कापलेल्या केसांचा. तो चांगला आला नाही असे वाटून जुना टाकला. तेवढ्यात रक्षा आत आली.

"अण्णाजीचं अंग तापलं जी. श्वास लागून राह्यला त्यायले."

अंकिता सिस्टर आली. बोटाला यंत्र लावले. ऑक्सिजन एक्क्याण्णव. किटच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि मग माझ्याकडे पाहिले, तेव्हा मला जमिनीत जावेसे वाटले. लस घ्यायला अण्णाजी कधीचे तयार होते, लसच गावात यायला तयार नव्हती, हे मी तिला सांगू लागलो. ती यंत्र पुसू लागली. माझ्यामुळे झाले होते. यात पाहण्यासारखे, तपासण्यासारखे काही नव्हते.

अण्णाजींचा फॉर्म मी भरू शकत नव्हतो, नातेवाइकाला मनाई होती. सिस्टरने अंगणात खुर्ची टाकली आणि मोबाइल काढला. तेव्हा मी ओळखपत्र गळ्यातून काढून खुंटीला अडकवले आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

"सिस्टर, पहिलं नाव माझं लिहा. मी त्यांचा निकट सहवासित. आणि नत्थूचासुद्धा आहे. जे काय व्हायचे ते होऊ द्या. मला त्यांच्यासोबत दवाखान्यात जाऊ द्या."

"सोबत जाता येईल," ती म्हणाली. "एकाच माणसाले नेता येते, आन् नाव यादीत असलं तरच. पन पेशंटले इचारा लागते सर." ती अण्णाजींकडे वळली. "बाबाजी, मागच्या चवदा दिवसांत प्रफुल सर तुमच्याजवळ आले होते काय? एक मीटरच्या आत?"

अण्णाजींनी काठी आडवी धरून अंतराचा अंदाज घेतला. "येते ना. जाता-येता येते."

"पंधरा मिनिटं बसले काय कधी?"

अण्णाजी विचार करू लागले. पोस्टात पत्त्यावरचे अक्षर लागले नाही की ते असेच डोळे बारीक करून थांबायचे. मी मनात म्हणत होतो, हो म्हणा. एकदा हो म्हणा.

"पंधरा मिनिटं नसन," ते म्हणाले.

"जेवताना?"

"त्याचं ताट त्याच्या खोलीत जाते. मोबाइलमंदी काम राह्यते त्याले. दारात उभं राहून बोलते तो माह्याशी. लय कामात राह्यते, सिस्टर. पथकाचा प्रमुख हाय ना तो." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. पोराची बाजू राखून सांगितले.

"सिस्टर, 'हो' दाबा," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "मी सरपंचाचं दाबलं. मी सदतीस लोकांचं दाबलं, कधी भेटले नव्हते त्यांचं. माझा बाप आहे हा! एका घरात राहतो आम्ही!"

"खोटं कायले लिवाले लावतं रे पोरीले?" अण्णाजी म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

सिस्टरने रक्षालाही विचारले. ती तीन वेळा ताट ठेवायची, औषध द्यायची, दोन-दोन मिनिटे उभी राहायची. सगळे मिळून पंधरा होत होते, पण सलग नव्हते.

"मंग तुमच्याजवळ बसते तरी कोन, बाबाजी?"

"नत्थू," अण्णाजी लगेच म्हणाले. "दाढी पाच मिनिटाची, पन तो अर्धा घंटा बसते. जुन्या गोष्टी इचारते. रोहण्याले मी डाक घेऊन गेलतो तवा पूर आलता, ते त्याले चार खेप सांगतलं. तो पाचव्या खेपीले बी आयकते."

सिस्टरने नत्थूचे नाव टाकले. तीन 'हो'. नाव आत गेले. नत्थूचे विलगीकरणाचे दहा दिवस दोन दिवसांपूर्वीच संपले होते. निरोप मिळाल्यावर तो पायात चप्पल न घालता आला. यशोदाबाईने मागून त्याच्या हातात चादर दिली. त्याने अण्णाजींना काखेत धरून ॲम्ब्युलन्समध्ये चढवले, त्यांचा चष्मा आपल्या खिशात ठेवला आणि मला म्हणाला, "गुरुजी, तुमी फिकर नका करू. मी हाय ना." दार लागले. गाडी हिंगणीच्या रस्त्याने गेली. मी आपल्याच घराच्या ओट्यावर, नियमानुसार कोणाच्याही संपर्कात न आलेला माणूस म्हणून उभा राहिलो. त्या दिवशी मी रडलो. रक्षा आत निघून गेली.

अण्णाजी अकराव्या दिवशी परत आले. निम्मे झाले होते, पण दाढी गुळगुळीत होती. गावाला आदर्शाचे प्रमाणपत्र मिळाले, ते ग्रामपंचायतीत सरपंचांच्या खुर्चीमागे आहे. माझे सादरीकरण बारा गावांनी पाहिले. त्यात शून्याबद्दल मी जे बोललो ते मला आता आठवत नाही.

परवा मी ठरवून अण्णाजींजवळ बसलो. खाटेवर, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल असा. घड्याळ पाहून. पहिली दोन मिनिटे ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"काऊन बसला रे? काई झालं काय? कोनी गेलं काय?"

"नाई अण्णाजी. असाच बसलो."

त्यांना ते पटले नाही. त्यांनी रक्षाला हाक मारून विचारले, घरात सगळे ठीक आहे ना. सहाव्या मिनिटाला माझा मोबाइल वाजला. जनगणनेच्या पूर्वतयारीचे काहीतरी होते. मी उठून दारात गेलो, तेव्हा त्यांना जरा हायसे वाटल्यासारखे दिसले.

ही गोष्ट सावकाश वाचली तर पंधरा मिनिटे लागतात, मी वेळ लावून पाहिला आहे. तेवढा वेळ तुमच्यापासून एक मीटरच्या आत कोण बसले होते, ते नाव आठवून ठेवा, पथक कधीही येऊ शकते. आणि शेजारी कोणी नसेल, म्हातारे माणूस पलीकडच्या खोलीत असेल, तर मुळीच काळजी करू नका. तुमच्यापासून त्यांना कसलाही धोका नाही. तसे प्रमाणपत्र मी सहीनिशी देऊ शकतो.